रिसर्च शिकवायला आला, आता आकड्यांचं काय? नर्सिंगच्या नव्या शिक्षकांसाठी

नर्सिंग कॉलेजात नव्याने ट्यूटर म्हणून लागलं की टाइमटेबल वाटताना एक गोष्ट हमखास होते. मेडिकल-सर्जिकल, पेडियाट्रिक्स, ओबीजी हे विषय जुन्या मॅडमांकडे आधीच गेलेले असतात. 'नर्सिंग रिसर्च अँड स्टॅटिस्टिक्स' टेबलावर उरतो आणि सरकत सरकत सगळ्यांत नव्या माणसापुढे येऊन थांबतो. त्याच्यासोबत फायनल इयरचा एखादा ग्रुप प्रोजेक्टही येतो. परळ, सायन, चर्चगेट किंवा नवी मुंबई, कुठेही जा, हा अनुभव फारसा वेगळा नाही.

पुढचा रस्ताही ठरलेला असतो. मुलं डेटा गोळा करतात, एक्सेल शीट बाहेरच्या 'स्टॅटिस्टिशियन सरां'ना मेल होते, आठवड्याभरात रंगीत पाय चार्टसकट विश्लेषणाचा चौथा चॅप्टर परत येतो. व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात, 'पेअर्ड टी टेस्टच का लावली?' विद्यार्थिनी गाईडकडे बघते आणि गाईड खिडकीबाहेर.

आकडेमोड दुसऱ्याकडून करून घेण्यात मला काहीच गैर वाटत नाही. तसंही ती आता सॉफ्टवेअरच करतं. पण प्रश्न काय आहे, मोजायचं काय, तुलना कशाशी करायची आणि आलेल्या उत्तरावर कितपत विसंबायचं, ही चार कामं गाईडचीच आहेत. खालच्या पायऱ्या त्या चार कामांसाठी लावल्या आहेत. पाठ्यपुस्तकं व्याख्यांपासून सुरू होतात. आपण वॉर्डापासून सुरू करू, कारण नर्सला आकडे नवे नाहीत. ड्रिपचे मिनिटाला किती थेंब, इन्सुलिनचे युनिट किती, शिफ्टचा इनटेक-आउटपुट किती, हे हिशेब ती रोज करते आणि ते चुकले तर काय होतं हेही तिला ठाऊक असतं.

पहिली पायरी: छेद विचारा

महिन्याच्या मीटिंगला कुणीतरी म्हणतं, 'यंदा फॉल्स वाढलेत.' समजा, जूनमध्ये वॉर्डात चार पेशंट पडले आणि ऑगस्टमध्ये पाच. वाढले का?

मुंबईत याचं उत्तर पाऊस बाजूला ठेवून देता येत नाही. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो यांनी जुलै-ऑगस्टमध्ये मेडिसिनचे वॉर्ड तुडुंब भरतात, दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या पडतात. जूनमध्ये वॉर्डात रोज ३० पेशंट धरले तर महिन्याचे ९०० पेशंट-दिवस झाले. चार भागिले ९००, म्हणजे हजार पेशंट-दिवसांमागे ४.४. ऑगस्टमध्ये रोजची सरासरी ४५ वर गेली, दिवस ३१, म्हणजे १,३९५ पेशंट-दिवस. पाच भागिले १,३९५, म्हणजे हजारामागे ३.६. पडलेली माणसं वाढली, पण पडण्याचं प्रमाण कमी झालं. स्टाफ तेवढाच असताना कमी झालं, तर ती मीटिंगमध्ये कौतुकाने सांगायची गोष्ट आहे. मात्र एवढ्याशा आकड्यांत हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो, म्हणून पेढे वाटण्याआधी आणखी काही महिने मोजा.

हा छेद मिळवायला वेगळी खटपट लागत नाही. मध्यरात्रीचा सेन्सस, म्हणजे वॉर्डातल्या पेशंटची मोजणी, नाइटची सिस्टर लिहितेच. पहिल्या प्रॅक्टिकलला प्रोजेक्टर लावू नका. मेट्रन मॅडमची परवानगी घेऊन, पेशंटची नावं झाकून, दोन महिन्यांचा सेन्सस मुलांपुढे ठेवा आणि पेशंट-दिवस काढायला सांगा. तासाभरात दर म्हणजे काय हे जितकं कळतं तितकं व्याख्या पाठ करून कळत नाही.

इन्फेक्शनचे दर काढताना छेद बदलतो. कॅथेटरच्या लघवीच्या इन्फेक्शनसाठी कॅथेटर-दिवस मोजायचे, व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियासाठी व्हेंटिलेटर-दिवस. रोज एका ठरलेल्या वेळी, समजा सकाळी आठला, किती पेशंटना कॅथेटर आहे ते लिहायचं आणि महिनाअखेर बेरीज करायची. इन्चार्ज सिस्टरने 'आमच्याकडे या महिन्यात एकही नाही' असं सांगितलं तरी छेद विचाराच. १५० कॅथेटर-दिवसांत शून्य इन्फेक्शन ही आनंदाची बातमी आहे, पण लहान आकड्यांतलं शून्य फसवं असतं. यासाठी एक सोपा नियम आहे: घटना शून्य असेल तर ३ ला छेदाने भागा. ३ भागिले १५० म्हणजे हजारामागे २०. खरा दर एवढा जास्त असला तरी सुमारे वीसांतला एखादा महिना असा कोरा जाऊ शकतो. एका कोऱ्या महिन्यावर भिंतीवर बोर्ड लावण्याची घाई नको.

छेदाचाच जुळा भाऊ म्हणजे टक्क्यांची भाषा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम पाहणारी आयआयपीएस ही संस्था आपल्याच देवनारला, गोवंडी स्टेशनपासून जवळ आहे. चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५३.१ टक्के स्त्रियांना ॲनिमिया होता, पाचव्या फेरीत (२०१९-२१) ५७.० टक्के. वाढ किती? ५७.० वजा ५३.१, म्हणजे ३.९ टक्के-बिंदू. पण मूळच्या ५३.१ च्या मानाने ही वाढ सात टक्क्यांहून थोडी जास्त. दोन्ही आकडे खरे आहेत. बातमी देणारा आपल्याला सोयीचा उचलतो. मुलांनी असाइनमेंटमध्ये 'टक्क्यांनी वाढले' लिहिलं की समासात 'कशाच्या?' एवढाच शेरा द्या.

दुसरी पायरी: आकड्याची जात ओळखा

बेड नंबर हा आकडा दिसतो, पण ते नुसतं नाव आहे. बेड १२ मध्ये बेड ६ च्या दुप्पट काहीच नसतं. ग्लासगो कोमा स्केलला चढता क्रम आहे, पण १२ चा पेशंट ६ च्या पेशंटपेक्षा दुप्पट शुद्धीत आहे असं कुणी म्हणत नाही. शिवाय ते स्केल तीनपासून सुरू होतं, त्याला शून्यच नाही. शून्य ते दहा पेन स्केलचंही तेच: दोनवरून चारवर जाणं आणि सातवरून नऊवर जाणं पेशंटसाठी सारखं असेलच असं नाही. लघवीचं प्रमाण मिलिलीटरमध्ये मोजलं, तर मात्र ६०० हे ३०० च्या खरोखर दुप्पट.

पुढे कोणती टेस्ट लावायची याचा निम्मा निर्णय इथेच होतो. म्हणून प्रश्नावली करतानाच तपासा. मुलांना वय '२१ ते ३०, ३१ ते ४०' असे गट करून विचारायची फार आवड. सरळ वय विचारा. गट नंतर कधीही पाडता येतात, पण गटातून वय परत काढता येत नाही. 'पुअर, ॲव्हरेज, गुड' या ज्ञानाच्या पायऱ्यांनाही हेच लागू. तीसपैकी मिळालेले मार्क हातात असताना त्यांची तीन ढिगांत वाटणी केली की १५ आणि १६ मार्कांच्या दोन सिस्टर वेगवेगळ्या ढिगात जातात आणि १६ आणि २२ वाल्या एकाच.

तिसरी पायरी: सरासरीच्या आधी चित्र

सात पेशंटचा मुक्काम, दिवसांत: २, ३, ३, ४, ४, ५, ४२. बेरीज ६३, सरासरी नऊ दिवस. नऊ दिवस राहिलेला पेशंट यादीत एकही नाही. मध्यक, म्हणजे ओळीत मधोमध बसणारा आकडा, चार. तो वॉर्डाचं खरं चित्र सांगतो आणि ४२ दिवसांचा पेशंट वेगळा उठून दिसतो. बहुधा त्याला घरी न्यायला कुणी आलेलं नसतं, आणि ती संख्याशास्त्राची नव्हे तर समाजसेवा विभागाची केस असते. पण ती दिसली ती चित्रामुळे.

फळ्यावर एक आडवी रेघ ओढून प्रत्येक पेशंटसाठी एक ठिपका काढा. हिस्टोग्राम शिकवायचाच आहे, पण ठिपके आधी. आपल्या धंद्याला याची परंपराही आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने क्रिमियन युद्धातल्या सैनिकांचे मृत्यू महिन्यागणिक आणि कारणांनुसार मांडून १८५८ मध्ये ते प्रसिद्ध गोलाकार चित्र काढलं. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी किती जास्त सैनिक गेले, हे ते चित्र बघणाऱ्याला एका नजरेत कळत होतं. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीची ती पहिली महिला सदस्य. नर्सेस डेला आपण तिच्या नावाने दिवे लावतो, पण त्या दिवशी तिचा आलेख एखाद्या बोर्डावर लागलेला माझ्या तरी पाहण्यात नाही.

स्टँडर्ड डेव्हिएशन शिकवताना सूत्राच्या आधी अर्थ सांगा: माणसं सरासरीपासून साधारण किती लांब पसरली आहेत. स्टँडर्ड एरर म्हणजे ती सरासरी स्वतःच किती डळमळीत आहे. डेझर्टेशनमध्ये काही जण डेव्हिएशनच्या जागी एरर लिहितात, कारण तो आकडा लहान असतो आणि नीटनेटका दिसतो. टेबलात कोणता लिहिलाय ते स्पष्ट मागा.

चौथी पायरी: ते नेहमीचं डेझर्टेशन नीट करा

'मुंबईतील निवडक रुग्णालयांतील स्टाफ नर्सेसच्या अमुक विषयाच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामची परिणामकारकता.' असं शीर्षक तुम्ही वाचलेलं असेल, कदाचित लिहिलेलंही. या साच्याची टिंगल करणं सोपं आहे, पण नव्या गाईडला शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. एक गट, आधी परीक्षा, मग शिकवणं, मग पुन्हा तीच परीक्षा. संख्याशास्त्रातला बराच माल या एका साच्यात मिळतो.

सगळ्यांत आधी कोड नंबर. नाव लिहून घ्यायचं नाही हे एथिक्स कमिटीला सांगितलेलं असतं, म्हणून मुलं कोरे फॉर्म वाटतात आणि पोस्ट-टेस्टच्या दिवशी कुणाचा प्री-टेस्ट कोणता हे कळायला मार्गच उरत नाही. जोड्या हरवल्या की पेअर्ड टी टेस्टही गेली आणि प्रत्येकीची प्रगती बघायची सोयही गेली. दोन्ही फॉर्मवर एकच कोड हवा. कोड आणि नाव यांची यादी वेगळ्या कुलुपात राहील आणि डेटा भरून झाल्यावर नष्ट होईल. हे प्रपोजलमध्येच लिहा.

आता हिशेब. समजा २५ स्टाफ नर्स, तीस मार्कांची परीक्षा. प्रत्येकीच्या पोस्टमधून प्री वजा केला, २५ फरक मिळाले. त्यांची सरासरी ६, स्टँडर्ड डेव्हिएशन ४. पंचविसाचं वर्गमूळ ५, चार भागिले पाच, स्टँडर्ड एरर ०.८. सहा भागिले ०.८, टी व्हॅल्यू ७.५. डिग्री ऑफ फ्रीडम (इथे २५ वजा १) २४ साठी टेबलमधला आकडा २.०६४. आपला ७.५ त्याहून बराच मोठा, म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगाचा मानता येत नाही. पेअर्ड टी टेस्ट झाली! एवढी एक वेळ प्रत्येक विद्यार्थ्याने हाताने करावीच, नंतर जन्मभर सॉफ्टवेअर वापरलं तरी चालेल. (ही टेस्ट शोधली विल्यम गॉसेट या डब्लिनच्या गिनेस कंपनीतल्या माणसाने, १९०८ मध्ये. बिअरच्या कारखान्यात नमुने थोडेच मिळत. 'स्टुडंट' या टोपणनावाने त्याने ती छापली म्हणून स्टुडंट्स टी. वर्ग पेंगत असेल तर ही गोष्ट कामी येते.)

पण इथे थांबू नका. २.०६४ गुणिले ०.८, म्हणजे १.६५. सहातून तेवढं वजा आणि सहात तेवढं अधिक: खरी सरासरी वाढ साधारण ४.३५ ते ७.६५ मार्कांच्या दरम्यान असावी. हा कॉन्फिडन्स इंटरव्हल. 'फरक सिग्निफिकंट आहे' या वाक्यापेक्षा 'तीसपैकी साधारण साडेचार ते साडेसात मार्क वाढले' हे वाक्य मेट्रन मॅडमना जास्त कळतं. मग पुढचा प्रश्न नर्सचा: एवढ्या मार्कांनी वॉर्डात काही बदलेल का?

या साच्यातून काय सिद्ध होत नाही, हे मुलांकडून एक पानभर लिहून घ्या. तीच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा सोडवताना मार्क थोडे वाढतातच. मधल्या आठवड्यात उत्तरं व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेली असू शकतात. त्याच आठवड्यात इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरने राउंड घेतला असेल. प्री-टेस्टला सगळ्यांत कमी मार्क मिळालेल्यांनाच निवडून शिकवलं असेल तर काही न करताही त्यांचे मार्क वर सरकतात, कारण त्या दिवशीचा वाईट योग दुसऱ्यांदा येईलच असं नाही. तुलनेसाठी दुसरा वॉर्ड घेतला की यातले बरेच प्रश्न सुटतात, मात्र मोठ्या हॉस्पिटलात ड्यूटी बदलत राहते. शिकवलेली सिस्टर पुढच्या महिन्यात तुमच्या कंट्रोल वॉर्डात हजर! शक्य असेल तर ड्यूटी लिस्ट बघून अभ्यासाच्या तारखा ठरवा.

शिवाय ज्ञान वाढलं म्हणजे हात धुतले गेले असं नाही. हात धुण्याचे पाच क्षण सगळ्यांना पाठ असतात. चेकलिस्ट घेऊन एका शिफ्टमध्ये किती संधी आल्या आणि किती वेळा हात धुतले हे मोजलं, तर तेही पुन्हा अंश आणि छेदच. छोटा पण असा प्रोजेक्ट मुलांनी आणला तर मी साच्यातल्या दहा प्रोजेक्टपेक्षा त्याला जास्त मार्क देईन.

पाचवी पायरी: पी व्हॅल्यूला तिची जागा दाखवा

पी व्हॅल्यू एवढंच सांगते: खरोखर काहीच फरक नसता, तरी निव्वळ योगायोगाने असा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती. 'माझं गृहीतक खरं असण्याची शक्यता ९५ टक्के' असा तिचा अर्थ नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये खास निवेदन काढून हे बजावलं, म्हणजे हा गोंधळ फक्त आपल्याकडचा नाही. ०.०४९ आणि ०.०५१ यांच्यात रेघ ओढून एकाला यश आणि दुसऱ्याला अपयश म्हणणं हा नुसता कारकुनी बाणा.

खरी गडबड डेझर्टेशनच्या शेवटच्या उद्दिष्टात होते: 'ज्ञान आणि निवडक डेमोग्राफिक व्हेरिएबल्स यांचा संबंध शोधणे.' वय, लिंग, धर्म, शिक्षण, अनुभव, वैवाहिक स्थिती, मासिक उत्पन्न, अशी दहा टेबलं आणि दहा काय-स्क्वेअर (दोन गोष्टींचा संबंध तपासणारी टेस्ट). कशाचाच कशाशी संबंध नसला तरी दहापैकी निदान एक टेबल ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. मग चर्चेच्या चॅप्टरमध्ये धर्म आणि कॅथेटर केअरचं ज्ञान यांचा संबंध का निघाला यावर दीड पान लिहिलं जातं. प्रपोजलच्या वेळीच विचारा: हे व्हेरिएबल का घेतलं? सांगण्यासारखं कारण नसेल तर काढून टाका.

काय-स्क्वेअरचा दुसरा आजार म्हणजे रिकामी घरं. साठ जणी, वयाचे पाच गट, ज्ञानाच्या तीन पायऱ्या: पंधरा घरं, सरासरी एका घरात चार जणी. अपेक्षित संख्या पाचपेक्षा कमी असलेली घरं वीस टक्क्यांहून जास्त झाली की ती टेस्ट भरवशाची राहत नाही. गट एकत्र करा किंवा फिशरची एक्झॅक्ट टेस्ट लावा. सॉफ्टवेअर टेबलाखाली बारीक अक्षरात ही सूचना देतं. चौथ्या चॅप्टरमध्ये पेस्ट करताना नेमकी तीच ओळ गळते.

सहावी पायरी: सॅम्पल साइज

'साठच का?' याचं प्रामाणिक उत्तर बहुधा 'परवानगी तेवढ्याच दिवसांची होती' हे असतं. ते लिहायला लाजू नका, पण आधी हिशेब करा. प्रमाण शोधायचं असेल तर सूत्र सोपं: ३.८४ गुणिले पी गुणिले (१ वजा पी), भागिले मार्जिन ऑफ एररचा, म्हणजे किती चूक चालेल त्या मर्यादेचा, वर्ग. इथे पी म्हणजे अंदाजे प्रमाण, पी व्हॅल्यू नव्हे. ॲनिमियासाठी पी ०.५७ आणि पाच टक्के-बिंदूंची मर्यादा घेतली तर ३७७ जणी लागतात. दहा टक्के-बिंदू चालत असतील तर ९५ पुरतात. अचूकता दुप्पट हवी तर माणसं चौपट लागतात, हे मुलांना या एका गणितातून कळतं. दोन गटांच्या तुलनेसाठी जी-पॉवर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे.

सातवी पायरी: मुंबईचा एक मोठा अभ्यास वाचा

जर्नल क्लबला सुरुवात परदेशी पेपरने करू नका. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास केला, त्याचे निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघायची ती व्हीआयए तपासणी डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षित प्राथमिक आरोग्य कार्यकर्त्यांनी केली. तपासणीच्या गटात ७५,३६० स्त्रिया होत्या, तुलनेच्या गटात ७६,१७८.

हा पेपर घेऊन मुलांना तीन प्रश्न द्या.

निवड कशाची केली, बाईची की वस्तीची? वस्तीची. दोन्हीकडे दहा-दहा वस्त्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यादृच्छिक पद्धतीने निवडल्या होत्या. एका वस्तीतल्या बायकांचं राहणीमान आणि दवाखाने सारखेच असतात, म्हणून दीड लाख बायका असल्या तरी तो दीड लाख सुट्या व्यक्तींचा अभ्यास ठरत नाही आणि विश्लेषणात ते धरावं लागतं. तुमच्या मुलांनी तीन वॉर्ड निवडून त्यातल्या सगळ्या सिस्टर घेतल्या तरी हाच मुद्दा लागू होतो.

फायदा किती? मृत्यूंच्या दरांचं गुणोत्तर ०.६९, म्हणजे तपासणीच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.५४ ते ०.८८. मुलांना विचारा, हा पट्टा १ ला, म्हणजे 'दोन्ही गटांत दर सारखाच' या आकड्याला, ओलांडतो का? नाही. म्हणजे फायदा आहे. पण तो १२ टक्के असू शकतो किंवा ४६ टक्केही. कॉन्फिडन्स इंटरव्हल वाचायला यापेक्षा सोपं उदाहरण मला माहीत नाही.

तिसरा प्रश्न स्टॅटिस्टिक्सचा नाही, तरी टाळू नका. तुलनेच्या गटाला आरोग्य शिक्षण मिळालं, तपासणी नाही. त्यावरून वाद झाला. वर्गात तो होऊ द्या.

याला जोडूनच स्क्रीनिंगचं गणित घ्या, कारण कम्युनिटी पोस्टिंगला धारावीत किंवा मालवणीत एखादी बाई 'पॉझिटिव्ह आलं म्हणजे मला झालाच ना?' असं विचारणार आहे आणि समोर तुमची विद्यार्थिनी असणार आहे. टक्क्यांत समजावू नका, माणसं मोजा. समजा हजार जणांत दहा आजारी आहेत. टेस्ट आजाऱ्यांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोग्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह सांगते. दहापैकी नऊ सापडले. उरलेल्या ९९० पैकी ९९ उगाच पॉझिटिव्ह आले. एकूण १०८ पॉझिटिव्ह, त्यांत खरे आजारी नऊ, म्हणजे बारांत एक. 'ताई, अजून काही ठरलं नाही, पण पुढची तपासणी चुकवू नका' हे वाक्य त्या बाईला सांगायला या हिशेबाचा आधार लागतो.

सॉफ्टवेअर

यावर फार वेळ घालवू नका. जामोवी आणि जास्प ही दोन्ही मोफत आहेत, विकतच्या एसपीएसएससारखीच माउसने चालतात. एसपीएसएसची क्रॅक केलेली कॉपी कॉलेजच्या पीसीवर असेल तर ती वापरू नका, मोफत पर्याय असताना तर मुळीच नाही. शिकायला आयसीएमआरच्या चेन्नईच्या एपिडेमिऑलॉजी संस्थेचा ऑनलाइन रिसर्च कोर्स चांगला आहे.

शेवटची पायरी, जी खरं तर आधी करायची

स्टॅटिस्टिशियनकडे डेटा गोळा व्हायच्या आधी जा. मेडिकल कॉलेजला जोडलेल्या हॉस्पिटलात असाल तर पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात विचारा. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९३८ साली भारतातल्या सांख्यिकी परिषदेत म्हणाले होते की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे त्याला पोस्टमॉर्टेम करायला सांगणं. प्रयोग कशाने मेला एवढंच तो सांगू शकेल.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. एका कागदावर प्रश्न एका वाक्यात लिहा, कोणता आकडा कोणत्या जातीचा ते लिहा, सोबत प्रश्नावलीचा कोरा फॉर्म आणि कोरी टेबलं न्या. कोरी टेबलं म्हणजे शेवटी चौथ्या चॅप्टरमध्ये जी टेबलं हवीत ती, मथळा आणि रकाने भरलेली, आकड्यांच्या जागा रिकाम्या. ही कल्पना मुलांना आधी विचित्र वाटते. पण टेबल काढायला बसलं की 'अनुभवाची वर्षं तर आपण विचारलीच नाहीत' हे प्रश्नावली छापण्याआधी लक्षात येतं, आणि फीच्या वेळी स्टॅटिस्टिशियनशी घासाघीसही कमी होते, कारण काम किती आहे हे दोघांनाही दिसतं.

निकाल परत आला की नुसती वर्डची फाइल घेऊ नका. मूळ डेटा आणि सॉफ्टवेअरचं पूर्ण आउटपुट मागून घ्या, ती तुमची मालमत्ता आहे. मग एक टेबल निवडा आणि विद्यार्थ्याला त्याची बेरीज तुमच्यासमोर कॅल्क्युलेटरवर करायला सांगा. वर साठ लिहिलंय आणि बेरीज ५८ आली, तर ते दोन फॉर्म कुठे गेले हे विचारा. बहुतेक वेळा एक अर्धवट भरलेला म्हणून कुणालाही न सांगता बाजूला ठेवलेला असतो आणि दुसरा हॉस्टेलच्या कपाटात सापडतो. पहिल्याची नोंद डेझर्टेशनमध्ये करा, दुसरा डेटात भरा आणि टेबलं पुन्हा चालवा.